गाडीला वाफसा आल्यावर

गेल्या भाद्रपदात आम्ही चार गाड्या घेऊन अंबाजोगाईच्या बाजूला बालाघाटाच्या उतारांवर दोन दिवस फिरून आलो. वर पठारावर मुरमाड माळरान आणि खाली उतरले की मांजरेच्या खोऱ्यातील काळीभोर जमीन अशी तेथील रचना असल्यामुळे एकाच फेरीत गाडीला दोन्ही मातींतून जावे लागते. पठारावर चाके दगड धरून चालतात. खोऱ्यातील पांदीत शिरल्यावर मात्र पहिल्या पन्नास पावलांतच टायरच्या खाचा भरून जातात, टायर सोललेल्या ओंडक्यासारखा गुळगुळीत होतो, आणि मग फोर बाय फोरचा (चारही चाकांना जोर देणारा) दांडा ओढलेला असूनही गाडी आडवी सरकू लागते. माझी गाडी जुन्या पिढीची थार आहे, म्हणजे शिडीसारखी चॅसी (खालचा लोखंडी सांगाडा), मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक. लातूरला घरी परतल्यानंतरचे दोन दिवस मी तिची स्वच्छता करण्यात घालवले. ही पद्धत बसवायला मला चार पावसाळे लागले, म्हणून ती सविस्तर लिहून ठेवतो आहे.

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय गाडी नीट धुता येत नाही, असे माझे मत झाले आहे. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हारसाचा बेसाल्ट झाला आणि तो झिजून ही माती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे प्रमाण मोठे असते. या खनिजाचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि पाणी थेट त्या थरांच्या मध्ये शिरते, त्यामुळे माती फुगते, चिकट होते आणि पाणी धरून ठेवते. वाळताना तीच माती आकसते, आणि म्हणून उन्हाळ्यात आपल्या शेतांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला आणि तुरीला जो गुण वरदान ठरतो, तोच गुण गाडीच्या पत्र्याला घातक ठरतो. चॅसीच्या पोकळीत बसलेला काळ्या मातीचा गोळा बाहेरून विटेसारखा टणक दिसत असला तरी आतून कितीतरी दिवस ओलसर राहतो आणि तेवढे दिवस लोखंडाला चिकटून बसतो. त्यामानाने वाळू किंवा मुरूम पुष्कळच बरा, कारण तो वाळला की आपोआप गळून पडतो.

पहिल्या वर्षी मला यातले काही ठाऊक नव्हते. चिखल ओला असतानाच काढलेला बरा, एवढ्याच समजुतीने मी परतताना वाटेतच एका वॉशिंग सेंटरवर गाडी रॅम्पवर चढवली. तेथील मुलाने जोरदार फवाऱ्याने अर्ध्या तासात गाडी चकचकीत करून दिली आणि मी समाधानाने घरी आलो. प्रत्यक्षात त्या फवाऱ्याने चिखल पातळ करून चॅसीच्या भोकांतून आत लोटला होता. त्याच फवाऱ्याने रेडिएटरच्या नाजूक पात्या एका बाजूला वाकवल्या होत्या, आणि त्यांच्यात गेलेली माती तशीच वाळली होती. पुढच्याच महिन्यात एका घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला तेव्हा मिस्त्रींनी पुढची जाळी काढून मला ते दाखवले. तो दिवस माझ्या चांगला लक्षात राहिला.

योग्य वाट दाखवली ती माझ्या चुलत्यांनी. रेणापूरजवळच्या आमच्या गावी तात्यांचे शेत आहे, आणि दुसऱ्या वर्षी मी चिखलाने माखलेली गाडी तेथेच नेऊन विहिरीवरचा पाइप हातात घेतला होता. तात्या म्हणाले, “थांब की जरा. वल्ल्या रानात कुणी औत घालतं का? वाफसा येऊ दे तिला, मग बघ कशी ढेकळं सुटत्यात.” मी पाइप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी वेळूच्या कामट्या घेऊन चाकांच्या वरच्या कमानींतली माती उकलली, तेव्हा ती खरोखर ढेकळांनी सुटली, आणि पाण्याचा एक थेंब न वापरता दोन घमेली माती निघाली.

वाफसा म्हणजे जमिनीत ओल आहे पण चिकटपणा गेला आहे अशी अवस्था, हे मराठवाड्यातील वाचकांना सांगायला नको. ओली माती कामटीला चिकटून फासली जाते, पूर्ण वाळलेली माती रंग घेऊनच सुटते, आणि या दोहोंच्या मधल्या काही तासांत ती स्वतःहून पत्र्याला सोडते. पावसाळ्याच्या अखेरीस एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ एवढा वेळ मला साधारणपणे पुरतो. ऑक्टोबरच्या उन्हात तो याहून कमी लागतो. मातीचा एक तुकडा दोन बोटांत दाबून पाहावा. तो पसरला तर थांबावे आणि तो भुगा होऊन फुटला तर लगेच कामाला लागावे. लोखंडी खुरपे मात्र गाडीला लावू नये, कारण त्याने निघालेला रंगाचा एक ओरखडासुद्धा गंज सुरू होण्यास पुरेसा असतो.

या नियमाला माझे दोन अपवाद आहेत, रेडिएटर आणि ब्रेक. या दोन ठिकाणी माती वाळू देऊ नये. रेडिएटर त्याच संध्याकाळी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मंद धारेने धुवावा, कारण माती समोरून आत आलेली असते आणि ती आली त्याच वाटेने परत घालवावी लागते. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि या दोहोंच्या मधल्या फटीत सर्वांत जास्त कचरा अडकतो. दिवाळीनंतरच्या फेऱ्यांत तेथे कुसळे निघतात. तीच कुसळे आणि वाळलेले गवत सायलेन्सरच्या नळीवर, विशेषतः इंधनाच्या टाकीच्या खालच्या पत्र्याजवळ, साठले तर पेट घेऊ शकते, म्हणून कोरड्या हंगामात मी सायलेन्सर आणि त्याच्या आजूबाजूचा भाग फेरीच्या मध्येच थांबून हाताने साफ करतो. ब्रेकच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी ओतले तर ती वाकडी होण्याचा संभव असतो, म्हणून हाताला डिस्क गार लागेपर्यंत वाट पाहावी आणि त्यानंतरच पॅड आणि डिस्क यांच्यामधील चिखल स्वच्छ पाण्याने धुऊन काढावा. मागचे ड्रम तर चिखलाची बंद डबीच असतात. पाण्यातून किंवा खोल चिखलातून गेल्यावर ते काढून लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) पुसल्याशिवाय मी गाडी पुन्हा महामार्गावर घालत नाही.

घरी पोहोचण्याच्या आधी करायचे एक काम आहे आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. शेतरस्ता संपून डांबरी रस्ता लागतो त्या टोकाला आम्ही चारही गाड्या उभ्या करतो आणि चाकांवरील सुटे लोंदे तेथेच काढून टाकतो. एक कारण उघड आहे. वेगात सुटलेली ढेकळे मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर बसतात, आणि डांबरावर पडलेल्या काळ्या मातीवर पावसाची सर आली की तो रस्ता साबण फासल्यासारखा होतो. दुसरे कारण शेतकऱ्यांच्या घरातच कळते. तुरीचा मर रोग ज्या बुरशीमुळे होतो ती जमिनीत राहते आणि मातीबरोबर एका शेतातून दुसऱ्या शेतात जाऊ शकते. या रोगाला तोंड देणारे बीएसएमआर ७३६ सारखे वाण बदनापूरच्या संशोधन केंद्राला काढावे लागले, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात यावे. गाजरगवताची गोष्टही तशीच आहे. १९५० च्या दशकात पुण्यात दिसलेले हे तण आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे, आणि त्याच्या एका झाडाला हजारो बारीक बिया येतात, ज्या ओल्या चिखलात सहज चिकटून प्रवास करतात. कुणाच्या तरी परवानगीने त्याच्या रानातून गाडी घालायची आणि तेथील रोग आणि तण तात्यांच्या तुरीत आणून सोडायचे, हे मला पटत नाही. ज्या शिवाराची माती आहे ती शक्य तेवढी त्याच शिवारात सोडून यावी. राहिलेली माती मी धुण्याआधी घमेल्यात गोळा करतो आणि पिकापासून दूर, मुरूम टाकलेल्या एकाच कोपऱ्यात टाकतो, म्हणजे तेथे काही उगवले तर नजरेत येते आणि फुलावर येण्याआधी उपटता येते.

पाण्याचा विचार आमच्याकडे वेगळा करावाच लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून लातूरला पाणी आणावे लागले होते आणि धनेगावचे मांजरा धरण तेव्हा कोरडे पडले होते. ज्याने त्या उन्हाळ्यात पहाटे घागरी रांगेत लावल्या आहेत त्याच्या हातून पाइप मोकळा सोडून गाडी धुणे होत नाही. माती आधी कोरडी उकलली की पाण्याची गरज आपोआप निम्म्यावर येते. उरलेल्या कामासाठी मी शेतातला पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप वापरतो. त्याची टाकी सोळा लिटरची असते, धार बेताची असते, आणि लांब दांडी चॅसीच्या पोकळीत, पाट्यांच्या वर, इंधनाच्या टाकीच्या संरक्षक पत्र्याच्या मागे अशा कोठेही पोहोचते. औषध मारण्याचा पंप यासाठी कधीही घेऊ नये. हा पंप स्वतंत्रच ठेवावा आणि त्यावर तसे ठळक लिहून ठेवावे. खालच्या बाजूला तीन टाक्या, चाकांना दोन, रेडिएटरला अर्धी आणि वरच्या पत्र्याला तीन-चार बादल्या, असे एकूण दीडशे लिटरच्या आत माझे काम भागते.

पाणी कोणते, हाही प्रश्न आहेच. आमच्या बोअरचे पाणी जड आहे. उन्हात वाळले की पत्र्यावर आणि काचेवर पांढरे डाग ठेवून जाते. पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने अनेक जण आरओचे वाया जाणारे पाणी साठवून त्याने गाडी धुतात, परंतु त्या पाण्यात मूळ पाण्यातील क्षार अधिक दाट झालेले असतात, म्हणून ते निदान गाडीच्या खालच्या बाजूला तरी वापरू नये. फरशी पुसण्यासाठी ते ठीक आहे. शेवटचा हात मी छतावरून पिंपात साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा देतो आणि गाडी सावलीतच पुसून कोरडी करतो.

खाली शिरण्यापूर्वी गाडी सपाट जागेवर, चाकांना पुढे-मागे दगड लावून उभी करावी, आणि चाक काढायचे असेल तर जॅकवर विश्वास न ठेवता खाली घोडी (गाडीचे वजन पेलणारा लोखंडी आधार) लावावीच. मग कामटी आणि बाटल्या धुण्याचा लांब ब्रश घेऊन पुढून मागे जावे. माती कोठे लपते हे एकदा कळले की दर वेळी तीच ठिकाणे सापडतात: मडगार्डची आत वळलेली कड, चॅसीच्या आडव्या तुळयांचे वरचे अंग, खालच्या संरक्षक पत्र्याचा पोटाकडचा भाग, पाट्यांच्या पट्ट्यांमधील फटी, आणि बंपरच्या मागचे कोपरे. चॅसीला खाली जी भोके असतात ती पाणी निघून जाण्यासाठी दिलेली असतात. ती मातीने बुजली तर आत गेलेले पाणी तेथेच राहते, म्हणून प्रत्येक भोकात ब्रश घालून ते मोकळे झाल्याची खात्री करावी आणि वरून घातलेले पाणी खालून स्वच्छ येईपर्यंत फवारत राहावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही.

चाकांविषयी माझी एक फसगत सांगण्यासारखी आहे. एका फेरीनंतर गाडी ताशी ७० च्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरू लागले. मी अलाइनमेंट करून घेतले, बॅलन्सिंगसाठी पैसे मोजण्याच्या तयारीत होतो, आणि शेवटी चाक काढल्यावर रिमच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी काळ्या मातीची वाळलेली थापी दिसली. बाहेरून चाक अगदी स्वच्छ होते. तेव्हापासून चारही चाके काढूनच आतून धुतो. चाक हातात आले की टायरही नीट पाहून होतो: चिखलाखाली झाकलेली बाजूची चीर दिसते आणि वेड्या बाभळीचे काटे सापडतात. काटा लगेच उपटू नये. त्या जागी साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते आधी पाहावे, आणि येत असतील तर पंक्चरवाल्याकडे जाऊनच तो काढावा.

ओढा ओलांडला असेल तर डिफरन्शियलचे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोर वाटणाऱ्या दात्यांच्या पेटीचे, तेल पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. चालून तापलेले हाउसिंग गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि तेथे खेच निर्माण होते; हवा आत-बाहेर जाऊ देणारी श्वासनळी मातीने बुजलेली असेल किंवा तीच पाण्यात बुडाली असेल, तर ती खेच सीलमधून किंवा नळीतून पाणी आत घेते. म्हणून प्रथम श्वासनळीचे टोक साफ करावे. नंतर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी खालचा बोल्ट किंचित सैल करावा आणि खाली वाटी धरावी. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसलेले असते आणि पहिल्या थेंबांतच दिसते. तेल फिक्कट, दुधाच्या कॉफीसारखे दिसू लागले असेल तर पाणी त्यात घोटले गेले आहे असे समजावे आणि सगळे तेल बदलावे. गेल्या चार वर्षांत हे मला एकदाच करावे लागले, पण त्या एका वेळी वाटीत न पाहता गाडी तशीच चालवली असती तर बेअरिंग आणि दाते दोन्ही खराब झाले असते. हेच ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या, बाबतीतही करावे.

चाकांकडे जोर नेणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसना (सांध्यांना) आणि इतर निपलना ग्रीस देणे हा धुण्याचाच भाग मानावा. नवे ग्रीस आत जाते तेव्हा जुन्याबरोबर शिरलेले पाणी आणि कचरा बाहेर पडतो. स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन चालवावी आणि बाहेर आलेले काळे ग्रीस चिंधीने पुसून घ्यावे. ते मातीत किंवा विहिरीकडे जाणाऱ्या पाण्यात पडू देऊ नये, यावर तात्यांचे बारकाईने लक्ष असते आणि ते योग्यच आहे. खालून जळके ऑइल मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, तरी मी ती सोडली आहे, कारण त्या तेलाने रबराची बुशे फुगून खराब होतात आणि पुढच्या फेरीत त्यावर धुळीचा जाड थर बसतो.

वरच्या पत्र्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. कोरड्या मातीवर फडके फिरवू नये, आधी पाण्याने ती भिजवून वाहू द्यावी, भांड्यांचा साबण न वापरता गाडीचा शाम्पू वापरावा आणि फडके पिळण्याची बादली वेगळी ठेवावी. आत पायपुसणी काढून जमिनीवरील माती आधी झाडून घ्यावी, ओल लागलेली चटई पूर्ण उचलून तिच्या खालचा पत्रा पुसावा, आणि एक दिवस दारे उघडी ठेवून वारा लागू द्यावा. रेडिएटर सोडला तर इंजिनच्या कप्प्यात मी पाणी मारतच नाही. ओल्या फडक्याने आणि ब्रशने जेवढे निघेल तेवढे काढतो, अल्टरनेटरवरील चिखल तर हातानेच टिपतो, आणि हवेचा फिल्टर बाहेर काढून उजेडासमोर धरून पाहतो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. तो मळला असेल तर बदलायचा.

गाडी ओढण्याचा पट्टा बहुतेक जण तसाच गुंडाळून मागे टाकतात. त्याच्या विणीत अडकलेली रेती पुढच्या प्रत्येक ताणाबरोबर आतील धागे कापत राहते, आणि असा पट्टा ताणाखाली तुटला तर माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून तो बादलीत तासभर भिजवून, तीन पाण्यांतून काढून, सावलीत दोरीवर वाळत घालावा, आणि वाळल्यावर सगळ्या लांबीवरून बोटे फिरवून उसवलेली जागा शोधावी. पट्टा गाडीला जोडणाऱ्या शॅकलच्या (लोखंडी कडीच्या) आट्यांतली माती जुन्या दात घासायच्या ब्रशने काढावी.

सर्व झाल्यावर मी गाडी गावाबाहेर तीन-चार किलोमीटर सावकाश चालवतो आणि मध्येमध्ये हलका ब्रेक दाबतो, म्हणजे डिस्क आणि ड्रम तापून कोरडे होतात. परत आल्यावर त्या रात्री हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावतो, कारण ओलसर लायनर रात्रीतून ड्रमला धरून बसतात. चाके काढलेली असल्यामुळे त्यांचे नट पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यावे लागतात. या वेळीही मी ते काम केले. डाव्या मागच्या चाकाचे दोन नट थोडे फिरले, बाकीचे घट्ट होते.